घोरणारं बुजगावणं

माझा धाकटा भाऊ विद्यापीठात प्राध्यापक आहे. माणसं निर्णय कसे घेतात, यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा तो चालवतो. स्वतःच्या लग्नात कोणता कोट घालायचा हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं आणि बाबांनीच एक उचलून त्याच्या अंगावर चढवला होता, पण ते जाऊ दे. घरात आम्ही त्याला अजून बाळ म्हणतो. बाहेर सगळे सर म्हणतात, आणि त्यानेच सगळा घोटाळा झाला आहे.

एकदा त्याला प्रयोगासाठी माणसं कमी पडली, तेव्हा त्याला बहीण आठवली. गरज सरो, वैद्य मरो हे मला ठाऊक होतं, तरी गेले. तळमजल्यावरची एक खोली, राखाडी रंगाच्या भिंती, एक टेबल आणि भिंतीत मोठा आरसा. घड्याळ मुद्दाम काढून टाकलेलं, खिळा मात्र तसाच. आरशामागे बाळ बसलेला असतो हे मला माहीत होतं, म्हणून आधी केस सारखे केले आणि मग जीभ काढून दाखवली.

टेबलावर तीन छत्र्या होत्या. एक लहान आणि हलकी, एक मोठी आणि मजबूत, आणि तिसरी तशीच मोठी, पण काडी मोडलेली. किंमत मोठ्या दोघींची सारखीच. मला खरं तर पर्समध्ये मावणारी छत्री हवी होती. पण मोडकी आणि धड शेजारी शेजारी दिसल्यावर मी त्या दोघींचीच तुलना करत बसले, आणि धड ती उचलून शहाणपणाने बाहेर निघाले. दारात त्याच्या विद्यार्थिनीने छत्री काढून घेतली.

"ही नुसती निवडायची असते," ती म्हणाली. "न्यायची नसते."

मग तिनेच समजावून सांगितलं. मोडक्या छत्रीला ते लोक बुजगावणं म्हणतात. ते कुणी घ्यावं म्हणून ठेवलेलंच नसतं. त्याच्या शेजारची वस्तू चांगली दिसावी, एवढंच त्याचं काम. "आणि ते खरं असायलाच हवं असंही नाही," ती म्हणाली. "कार्डावर लिहिलं तरी भागतं. कारण ते कधीच कुणी निवडत नाही." एवढं शिकायला या पोरांना पदव्या लागतात. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला चांगल्या टोमॅटोंशेजारी दोन नासके ठेवतो, त्याला अजून कुणी सर म्हटलेलं नाही.

हे सगळं मी विसरूनही गेले असते, पण बाबा पडले.

बाबा रेल्वेच्या फाटकावर होते. जन्मभर एकटेच केबिनमध्ये बसून गाड्यांची वाट बघितली. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहतात. एका रात्री न्हाणीघरात पाय घसरला, आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या बाईला हाका ऐकू येईपर्यंत तिथेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण आता त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "दोन खोल्या तुझ्या, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मला काय माळ्यावर ठेवणार?" खोटं नव्हतं ते. बाळाचं घर चार खोल्यांचं. त्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत आणि बाळही बोलला नाही.

रविवारी सगळे बाबांच्या घरी जमलो. बाळ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खिशात तीन कार्डं होती. ती बघूनच मला छत्र्या आठवल्या. मी त्याला स्वयंपाकघरात ओढला. तिथे भावजय चहा गाळत होती.

"बाबांवर प्रयोग करतोस?"

"ताई, हा प्रयोग नाही. याला निवड सोपी करणं म्हणतात."

मी कार्डं हिसकावून वाचली. पहिलं: याच घरात राहायचं, दिवसरात्र माणूस ठेवायचा. दुसरं: वृद्धाश्रम, स्वतंत्र खोली, खिडकी बागेकडे. तिसरं: तोच वृद्धाश्रम, तेवढेच पैसे, दोघांत एक खोली, खिडकी रस्त्याकडे, आणि शेजारचा माणूस घोरतो.

मोडकी काडी मला लगेच ओळखू आली. बाबांनी स्वतःचं घर विसरावं, बाग की रस्ता एवढंच बघावं आणि हसत हसत बाग उचलावी, असा बेत होता. वर मुलाने म्हणायचं, त्यांनी स्वतःच ठरवलं हो.

"घोरतो?" मी म्हणाले.

"खात्री असलेली बरी," बाळ म्हणाला.

"आणि तुझ्या घराचं कार्ड कुठे आहे?"

"चार पर्याय झाले की माणूस गोंधळतो, ताई. यावर भरपूर संशोधन झालंय."

भावजयीने गाळणी ओट्यावर जरा जोरात आपटली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि मोजकंच बोलते. या घरात नांदायचं तर तेच बरं.

मी ठरवलं, बाबांसमोर सगळं फोडायचं. पण मी चहाचे कप घेऊन बाहेर येईपर्यंत बाळाने कार्डं मांडलीही होती. बाबांनी चष्मा लावला. पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर थांबले. मग तेच उचललं.

"हे," बाबा म्हणाले.

बाळ हसला. "बाबा, नीट वाचा. दुसऱ्यात बाग आहे."

"वाचलं. बाग घेऊन काय करू? बागेत रात्री कोण असतं?"

"अहो, पण हा घोरतो."

"म्हणून तर." बाबांनी चष्मा काढला. "तुमची आई घोरायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी वैतागायचो. मग त्याच्याशिवाय झोप येईना. केबिनवरून दमून आलो, की तो आवाज ऐकला म्हणजे घरी आल्यासारखं वाटायचं. ती गेल्यापासून धड झोप नाही. त्या रात्री फरशीवर पडलो होतो, तेव्हा दुखण्याचं काही वाटलं नाही. हाक ऐकायला कुणी नाही, याचं वाटलं." मग त्यांनी बाळाकडे बघितलं. "कोण आहे हा माणूस? आधी एकदा भेटून घेऊ."

मी बाळाच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं आरशामागे बसून लोकांची तोंडं बघणारा हा माणूस, आज त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

"ती खोली... सध्या उपलब्ध नाही," बाळ म्हणाला.

"मग कधी होईल?"

"म्हणजे... तशी ती नाहीच."

"आणि तो माणूस?"

बाळाने उरलेली दोन कार्डं सरळ रेषेत लावायला सुरुवात केली.

"नाही, तर मग लिहिलंस कशाला?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. फाटक बंद असताना सायकल खालून घालणाऱ्याला विचारायचे, तसं. त्यांनी कार्ड मात्र खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भावजय म्हणाली, "आहे तो माणूस."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं.

"हे घोरतात, बाबा. असे घोरतात की वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती. म्हणून तर अभ्यासिकेत वेगळे झोपतात. तिथे दुसरी कॉट आरामात मावते, फक्त पुस्तकांची दोन कपाटं हलवावी लागतील."

"अगं, पण मला जरा विचार करायला..." बाळ म्हणाला.

"तुम्ही करा विचार," ती म्हणाली. "कॉट मी उद्याच मागवते."

बाबा कार्डाकडे बघत होते. मग त्यांनी सुनेला विचारलं, "खिडकी रस्त्याकडे आहे ना?"

"रस्त्याकडेच आहे, बाबा."

"मग बरोबर लिहिलंय की," बाबा म्हणाले आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. बाळाच्या हातात बाग तेवढी उरली होती. मी त्याच्यापुढे चहा ठेवला.