खाली

भास्करने समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली.

देवासच्या भर चौकात, तिसऱ्या मजल्यावर हा बार नवाच उघडला होता. काचेमागे तांब्याच्या टाक्या होत्या. बिअर इथेच बनते, असं अक्षतने सांगितलं. तो मुद्दाम इंदूरहून आला होता. आई गेल्यापासून बाबा बाहेर पडलेच नव्हते.

"गव्हाची आहे, बाबा. हलकी. घेऊन तर बघा."

भास्करने घोट घेतला. "रात्रभर राहिलेल्या कणकेसारखी लागते."

मग काळ्या पाटीवर चिमूटभर भुट्ट्याचा कीस आला.

"एवढासा? तुझी आई मीठ बघायला याहून जास्त द्यायची."

शेजारच्या टेबलावरचा जाडा माणूस वळला. "भिया, ये कुर्सी खाली है क्या?"

"नहीं," भास्कर म्हणाला.

अक्षतने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, आता घर खाली करू या. भाडेकरू तयार आहे. तुम्ही आमच्याकडे चला. उद्याच कळवायचंय त्याला."

भास्कर ग्लासवरचं पाणी बोटाने पुसत राहिला.

सरला वाईची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माई, म्हणजे भास्करची आई, तिला म्हणाली होती, "सूनबाई, हंडा खाली आहे." माळव्यातल्या मराठीत खाली म्हणजे रिकामा. सरला जिना उतरून अंगणभर हंडा शोधून आली. सगळे हसले. तिने मात्र तो शब्द पुढे जन्मभर आपल्याच अर्थाने घेतला. भास्करने डबा खाली आहे म्हटलं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "वरच आहे की, फळीवर!"

सरला गेली त्या दिवशी दवाखान्यात तो चहा घेऊन वर आला, तेव्हा आयाबाई चादर काढत होती. "बाबूजी, बेड खाली है."

भास्कर जिना उतरला. खालच्या मजल्यावरचा एकेक पलंग बघत गेला. चहा निवला तरी बघतच होता. हे त्याने अक्षतलाही सांगितलं नव्हतं.

"बाबा, ऐकताय ना?"

भास्कर कठड्यावरून रस्त्याकडे बघत होता. इथे लिफ्ट नव्हती. गुडघे धरल्यापासून सरला कुठेही गेलं तरी जिन्याच्या पायथ्याशी टेकायची. "तुम्ही या जाऊन. मी बसते."

जाडा माणूस पुन्हा वळला. "क्यों भिया, मेहमान आए नहीं आपके? ले लूँ?"

या वेळी भास्कर मराठीतच बोलला.

"ने. ती खाली आहे."

त्या माणसाला खाली हा शब्द तेवढा कळला. त्याने खुर्ची ओढून घेतली. अक्षतचा चेहरा जरा सैल झाला. त्याने फोन हातात घेतला.

"मग घराचंही सांगून टाकू?"

"नको. घर खाली नाही."

"बाबा..."

"हा कीस बांधून घे."

पुडकं आलं तसा भास्कर उठला. ग्लास अर्धा तसाच होता. अक्षत मागून धावला.

"अहो बाबा, जिना अंधारा आहे. सावकाश! घाई कसली एवढी?"

"फार वेळ झाला," भास्कर म्हणाला, आणि पुडकं सांभाळत उतरू लागला.