लोंबतं टोक

तटकन आवाज झाला आणि मी दचकले. येटेच्या हातात बरणीचं जुनं रबरी वळं तुटलं होतं. येटे, चार वर्षांची माझी लेक, अंगात ताप म्हणून पाळणाघराने नको म्हटलेली, सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पांघरूण घेऊन बसली होती.

टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर प्राध्यापक क्रेच्मार वाट पाहत होते. विचार करायला त्यांनी मला एक मिनिट दिलं होतं, तेही घड्याळ समोर ठेवून.

"हं, फ्राउ लोरेन्त्स. साखळ्या किती धरायच्या?"

"भार पेलतात तेवढ्याच, हेर प्रोफेसर."

संगणकात मी रेणूंच्या चाळीस हजार साखळ्यांचं रबराचं जाळं विणलं होतं. त्यातल्या शेकडा चौदा निघाल्या त्याच गाठीवर परत आल्या होत्या. नुसते फास. रबर कितीही ताणा, त्यांना पत्ता नाही.

"दोन्ही टोकं बांधलेली आहेत ना? मग मोजा."

"मोजले तर रबर आहे त्यापेक्षा ताठ दिसेल."

"मी बर्लिनच्या परिषदेत तेवढंच ताठ सांगितलंय. आता तुमच्या अर्ध्या दिवसाच्या नोकरीपायी शब्द गिळू?" ते हसले. "आमच्या आईच्या वेळी पोर घरट्यात टाकून उडणाऱ्या बाईला कावळी म्हणायचे. तुम्ही तर घरट्यातही धड नाही आणि उडतही नाही."

टेबलाखालून एक कढत हात माझ्या पोटरीला लागला. मी तो धरला आणि मोकळ्या हाताने रबराच्या ताठपणाच्या आलेखाखाली लिहिलं, 'फास वगळले आहेत.' मग तो आलेख आमच्या संशोधन गटातल्या सगळ्यांना पाठवून दिला.

त्यांच्याकडे टिंग वाजलं. त्यांनी वाचलं. मान लाल होत गेली.

"वा! करार मार्चला संपतो, माहीत आहे ना? मुदतवाढीवर माझी सही विसरा. आमच्या जाळ्यात तुम्ही कधी नव्हताच, बाई. एका बाजूने चिकटलेलं लोंबतं टोक, बस."

पडदा काळा झाला. मी वाकून टेबलाखाली येटेजवळ जाऊन बसले. तिचा कॅमोमाइलच्या फुलांचा चहा गार झाला होता, तरी येटेने माझ्यासाठी दोन घोट घेतले. मग तुटलेलं वळं माझ्या मनगटाला गुंडाळून पाहिलं. पुरेना.

"ममा," तिने विचारलं, "तू कशाचं टोक आहेस?"