खिडकीत ठेवलेला दांडा

आमच्या गल्लीत लेथचे छोटे कारखाने पुष्कळ, गुपित एकही नाही. काम बिघडलं की तो तुकडा ज्याने त्याने आपल्या खिडकीत ठेवायचा. येणारा-जाणारा उचलून बघतो, आधी यथेच्छ टिंगल करतो आणि मग कुठं चुकलं ते सांगतो. लग्न होऊन आले तेव्हा मला ही माणसं वेडी वाटली होती. आता मी त्यांच्यातलीच.

माझ्या माहेरी एकच मोठा कारखाना होता. उंच भिंत, प्रत्येक खात्याला कुलूप. शेजारच्या खात्यात काय चालतं असं विचारलं, तरी घरी बसवत. कारखाना बुडाला आणि मागोमाग अख्खं शहर बसलं. माझा दादा तिथे उभा जन्म एकाच जातीच्या पोलादाला पाणी देत होता, म्हणजे तापवून, पाण्यात विझवून ते टणक करत होता. तो माझ्या कारखान्यात कामाला आला. जम बसला तर वहिनीला आणि पोरींना आणणार होता, नाही तर परत जाऊन बंद फाटकाकडे बघत बसणार होता.

पंपाचे दांडे मी त्याच्याकडे सोपवले. परवा झाडताना त्याच्या खाटेखाली टॉवेलात गुंडाळलेले दांडे सापडले, सगळे तडकलेले.

"दादा, हे काय?"

"हळू बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"इथे झाकली मूठ भिकेला लावते," मी म्हणाले आणि एक दांडा खिडकीत ठेवला.

तो पांढराफटक पडला. "माझी अब्रू वेशीवर टांगलीस," म्हणाला आणि पिशवी भरायला लागला. मला रडू फुटलं, पण दांडा मी हलवला नाही.

तेवढ्यात समोरचा कारखानदार आला. त्याला सगळे खडूस म्हणतात, आणि आहेच तो.

"हे कुणाचं पाप?"

"माझं," दादा पुटपुटला.

"पाण्यात विझवलंत? अहो, ह्या पोलादाला तेल लागतं. मी टोपलीभर फोडलेत असे. तुमचं तेल येईस्तोवर माझा डबा न्या."

तो गेल्यावर दादाने विचारलं, "हा पण पंपाचेच दांडे करतो ना?"

"करतो की. उद्या माझं गिऱ्हाईकही पळवेल मेला."

तेलातला पहिला दांडा न तडकता निघाला. दादाने तो उजेडात फिरवून पाहिला. मग तडक समोर गेला. खडूसच्या खिडकीत एक वाकलेली लांब पट्टी होती. ती डोळ्यांसमोर धरून दादा आधी खो-खो हसला, गल्लीच्या रिवाजाप्रमाणे.

"भट्टीत आडवी ठेवली होतीत ना? उभी टांगा."

खडूसने डोकं खाजवलं आणि पट्टी आत नेली.

दादा परत आला, पिशवी खाटेवर रिकामी केली.

"तुझ्या वहिनीला फोन लाव," तो म्हणाला. "सांग, सामान बांधायला घे."