व्हर्नाची शिवण

“हार्लन, डगला काढा. उजवी बगल बघू दे,” कॅप्टन ड्वाइट म्हणाला, तसा हार्लनने उजवा हात अंगाशी दाबून धरला.

दर जूनमध्ये न्यू जर्सीच्या या माळावर इंग्रजांशी अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई हौशी मंडळींनी पुन्हा लुटुपुटीची लढायची, त्याच वेषात. रांगेत उभं राहायचं तर डगल्याचा प्रत्येक टाका हातचा हवा, अगदी अस्तरातलासुद्धा. पलटणीला हा नियम घालून दिला होता हार्लनच्याच बायकोने. व्हर्ना गेल्या हिवाळ्यात वारली. जिवंत होती तोवर तिच्यासमोर उलटा डगला धरायची कुणाची छाती नव्हती. “मशीनचा टाका? मग मनगटावर घड्याळही बांध की राजा!” असं चारचौघांत म्हणायची.

बगलेतली उसवण हार्लनने मशीनवर मारली होती. ड्वाइटला ती लगेच सापडली.

“उसवा आणि हाताने घाला. नाहीतर आज रांगेत नाही. तुमच्याच घरचा नियम आहे हो!”

“माहितेय रे बाबा. मला नको शिकवू.”

तो तंबूसमोर ओंडक्यावर बसला. सुईत दोरा जाईना. उठला, शेकोटीभोवती फेरी मारली, परत बसला. तिकडे ढोल सुरू झाले. व्हर्नाशिवायची ही पहिली लढाई, आणि तिने शिवलेला डगला अंगात नसेल तर त्याला इथे यायचंच कशाला होतं?

त्याने आपली शिवण उसवली, अस्तर उलटलं आणि बघतच राहिला. आत व्हर्नाची जुनी शिवण होती. सरळसोट, एकसारखी. मशीनची! वरून तेवढे हातटाके.

“अगं लबाडे!” तो एकटाच हसला. मग आठवलं, हा डगला शिवला त्या वर्षी तिची बोटं सुजलेली असायची. तळघराचं दार लावून शिवायची आणि त्याला आत येऊ द्यायची नाही. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“झालं का रे म्हाताऱ्या?” रांगेत त्याच्या शेजारी उभा राहणारा एझ्रा आला. मागोमाग ड्वाइट.

“द्या, आतून बघतो.”

हार्लनने डगला छातीशी धरला. आता हा उलटला की संध्याकाळी शेकोटीशेकोटीवर व्हर्नाचं हसं होणार.

“बघायचं काही नाही. आत सगळं मशीनचंच आहे. तिची शिवण मी उसवून टाकली आणि मशीन मारली. अख्खी.”

“तिची शिवण? तुम्ही?”

“हो, मीच. गाढव आहे मी.”

एझ्राने कपाळावर हात मारला. “व्हर्ना असती तर तुला झोडपला असता!”

“असता खरा,” हार्लन म्हणाला.

पलटण निघाली. एझ्राच्या शेजारची जागा मागच्याने पुढे येऊन भरली. हार्लन नुसत्या सदऱ्यावर पाणक्यांत जाऊन उभा राहिला.

“आजोबा, डगला ठेवा ना गवतावर,” पाणी देणारी मुलगी म्हणाली.

“नको, राहू दे.” त्याने अस्तर आत करून डगला काखेत घट्ट धरला आणि मोकळ्या हाताने बादली उचलली.