पाहुणा बिचकेल म्हणून

मी एक जुना थाळा आहे, पक्ष्यांना दाणे घालायचा. दुकानात माझ्या जातभाईंना बर्ड फीडर म्हणतात, पण मी दुकानातला नव्हे. मी मूळचा मोडक्या कपाटाचा खण. या घरातल्या आईने मला भंगारातून उचललं, वर पत्र्याचं छप्पर ठोकलं आणि मागच्या अंगणातल्या खांबावर बसवलं. माझी पितळी मूठ तेवढी तिने काढली नाही. पाखरांना टेकायला होईल, म्हणाली. मित्रांनो, तेव्हा मी खूश होतो. आज मी संतापलेलो आहे आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

माझ्याकडे चिमण्या येत, साळुंक्या येत, पण राज्य एका कस्तुराचं. काळंकुळकुळीत अंग, पिवळी चोच, डोळ्याभोवती पिवळं कडं. डाव्या पायाचं एक नख तुटलेलं, त्यामुळे मुठीवर बसताना तो दर वेळी घसरायचा आणि चूक माझीच असल्यासारखा मला टोचायचा. पोट भरलं की स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाऊन काचेतल्या स्वतःशीच तावातावाने भांडायचा. "पुरे की रे भांडकुदळा!" आई आतून ओरडायची. तेच त्याचं नाव पडलं. आई मला वरचेवर खाली उतरवून गरम पाण्याने खसाखसा घासायची आणि उन्हात वाळवायची.

पुढे आईचे गुडघे धरले आणि मी बाबांच्या वाट्याला आलो. बाबा दाणे घालत. घासण्याचं मात्र उद्या बघू. ओले दाणे कुजले, कोपऱ्यात विष्ठा साचली, फटींतून बारीक किडे वळवळू लागले. मला माझीच किळस यायची. पण खणाने काय करावं? भांडकुदळ त्याच घाणीत जेवत राहिला. त्याच्या डोक्यावरची पिसं झडू लागली, आणि होता होता पार टक्कल पडलं. खालची फिकट कातडी उघडी पडली.

आणि इथून माझं डोकं फिरतं. शेजारच्या दुर्बीणवाल्या काकांनी कुंपणावरून हाळी दिली, "अहो, लवकर या! काळं अंग आणि पांढरं डोकं! हा इथला नाहीच. पाहुणा आहे, लांबून आलाय!"

झालं. बाबांनी मोठा कॅमेरा आणला. काकांनी जाडजूड पुस्तक उघडलं. "कस्तुर असेल का?" बाबांनी विचारलं. "छे! कस्तुराचं डोकं काळं असतं," काका म्हणाले. तो बिचारा अंग फुगवून माझ्या कडेला तासन्‌तास निपचित बसायचा, तर काका म्हणायचे, "बघा, किती माणसाळलाय! जरा म्हणून घाबरत नाही." डोळे फुटले होते का यांचे?

एकदा बाबांना माझा वास आला. "धुऊन काढू का हा?"

"अजिबात हात लावू नका! पाहुणा बिचकेल."

बाबांना तेवढंच हवं होतं.

आई आतून विचारायची, "आपला भांडकुदळ दिसत नाही हल्ली?" त्यावर काका म्हणाले, "पाहुण्याने हुसकावला असेल." मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे बोंब ठोकली असती.

मग एका सकाळी तो कसाबसा उडत स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेला. काचेवर एकदाच चोच मारली, आणि डावा पाय घसरला. आईने जवळून पाहिलं आणि हातातलं भांडं टाकून ती लंगडत बाहेर आली.

"अहो, पांढरं डोकं कसलं, टक्कल आहे ते! हा आपला भांडकुदळ आहे! बादली आणा!"

"वहिनी, जरा दमानं. पाहुणा..."

"पाहुणा गेला खड्ड्यात! घरचं पाखरू डोळ्यांदेखत मरतंय आणि तुम्ही फोटो काढताय?"

बाबांनी ब्रश घेतला. मला इतकं कुणी कधीच घासलं नव्हतं. पण उशीर झाला होता. संध्याकाळी कुंपणाच्या झुडपाखाली भांडकुदळ गार पडलेला सापडला. बाबांनी त्याला ओंजळीत घेतलं. "मला वाटलं..." एवढंच म्हणाले. काकांनी मोबाइलवर टाकलेला त्याचा फोटो अजून तसाच आहे, खाली 'दुर्मीळ पाहुणा' असं लिहिलंय. लोक वाहवा करतात.

आता मी पुन्हा स्वच्छ असतो. काल एक कस्तुर आला, त्याच्या पंखात एक पांढरं पीस आहे. काका पुस्तक घेऊन धावले. खुशाल धावोत. मित्रांनो, तुमच्याकडे वेगळं पाखरू आलं तर जरूर बघा, पुस्तकं चाळा, वाद घाला. पण त्याआधी माझ्यासारख्याला खाली उतरवा आणि घासा. नाव कळलं नाही म्हणून पाखराचं काही अडत नाही. ते जेवायला आलेलं असतं.