साडेसहा म्हणजे साडेसहाच

मी एक जुना पीएच मीटर आहे, मित्रांनो. कुठलंही द्रावण किती आंबट आहे, ते मी आकड्यात सांगतो. सात म्हणजे शुद्ध पाणी, त्याखाली जितका आकडा कमी तितकं आंबट. एवढंच माझं काम, पण तेही कुणी धड करू देईल तर शपथ!

माझं टोक काचेचं आहे, कांद्याच्या सालीइतकं पातळ. ते सतत ओलं ठेवा, असं माझ्या पुस्तिकेत तीन ठिकाणी छापलंय. नवा होतो तेव्हा मला मऊ कागदाने टिपत, आमचे सर पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. पुढे कौतुक आटलं आणि टोकही कोरडं पडलं. मग आकडा यायला वेळ लागू लागला. झालं, "म्हातारा चळला" म्हणून सगळे मोकळे!

प्रयोगशाळेतल्या ताई चार वर्षं चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्या बनवत होत्या. आत कर्करोगाचं औषध. रक्तात, म्हणजे ७.४ ला, पिशवीने बंद राहायचं. गाठीजवळ आंबटपणा वाढून ६.५ झालं की उघडायचं. औषध गाठीवर पडेल आणि बाकीच्या शरीराला त्रास कमी होईल. पण तीन आठवडे पिशव्या ७.४ आणि ६.५ अशा दोन्ही द्रावणांत फुटत होत्या. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर हे काम बंद करू."

अहो, मी रोज सांगत होतो! ७.४ चं लेबल असलेल्या कॅनमधलं द्रावण घेऊन त्यात मला बुडवलं की मी ६.५ दाखवायचो. ताई माझ्याकडे बघायच्या, कॅनवरच्या लेबलकडे बघायच्या आणि वहीत ७.४ लिहायच्या. मग मला विचारता कशाला? पालथ्या घड्यावर पाणी! वर मलाच भंगारात काढायचा अर्ज भरला.

त्या अर्जाचा एक नियम होता. टोक दोन तास भिजवून, चार, सात आणि दहा अशा आधीच ठाऊक असलेल्या तीन प्रमाणित द्रावणांत मी काय दाखवतो ते अर्जाला जोडायचं. ताईंनी नाइलाजाने मला बुडवलं. मी दाखवलं चार, सात, दहा. अगदी तंतोतंत. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला पुन्हा कॅनमधल्या द्रावणात घातलं. साडेसहा.

त्यांनी ताजं द्रावण बनवलं, माझ्याच आकड्याने ७.४ वर आणलं. त्यात पिशव्या दिवसभर बंद राहिल्या. ताई स्टुलावर बसून रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

"सर, पिशव्या पहिल्यापासून चांगल्याच होत्या," त्या म्हणाल्या. "मीच कॅनमध्ये चुकीचं द्रावण भरलं होतं."

"मग मीटर काय दाखवत होता?"

"साडेसहा."

"रोज?"

"रोज, सर."

मित्रांनो, आमची निगा राखा. आणि आकडा आवडला नाही म्हणून आम्हाला वेड्यात काढू नका, पुन्हा एकदा मोजा. उद्या त्या पिशव्या एखाद्या आजारी माणसाच्या रक्तात सोडतील. तिथे वहीत खाडाखोड करून भागणार नाही.