गाडी मोडायची म्हणजे काय

जरा कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि एका जुन्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. जानेवारीतली सकाळ आहे. बाहेर इतकं धुकं आहे, की पुढच्या चौकातलं झाडही दिसत नाही. हीटर लावला की जळक्या रबराचा वास येतो, म्हणून तो बंद आहे. तुमचे हात तुम्हीच मांडीखाली धरून गरम करताय. शाळेचं फाटक अजून दोन वळणं लांब आहे आणि तुम्ही म्हणता,

"बाबा, इथेच थांबवा."

"इथे? एवढ्या थंडीत?"

"सायकल ट्रॅकवरून चालत जाते. मॅडम म्हणाल्यात, रोज चालायला पाहिजे."

"शाब्बास!" बाबा म्हणतात. ते खाली उतरतात, गाडीला वळसा घालून येतात आणि तुमचं दार बाहेरून उघडतात, कारण ते आतून उघडत नाही. मग तुमची टोपी कानांवर ओढून म्हणतात, "दमलीस तर दप्तर दुसऱ्या खांद्यावर घे."

बसलात ना गाडीत? मग पुढचं सांगतो. ही मुलगी म्हणजे अक्षरा. आणि मॅडम असलं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

झालं होतं असं. दिवाळीनंतर गाडीचा सायलेन्सर फाटला. आवाज ट्रॅक्टरसारखा यायला लागला. एके दिवशी अक्षरा वर्गात शिरली, तर जसलीन नावाची तिची मैत्रीण बाक वाजवत म्हणाली, "अक्षरा, तेरी गाड़ी तो प्रेयर में भी हमारे साथ गाती है यार!" सगळा वर्ग हसला. दोन-तीन मुलं तोंडाने तो आवाज काढायला लागली. जसलीन काही वाईट मुलगी नव्हती. तिला ते खरंच गमतीचं वाटलं होतं. अक्षराही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती दोन वळणं आधी उतरायला लागली.

अक्षराचे बाबा देवेंद्र केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. सहा वर्षांपूर्वी बदली झाली आणि सांगलीहून हे कुटुंब चंदीगडला, सेक्टर बावीसमधल्या क्वार्टरमध्ये राहायला आलं. आई संपदा सेक्टर चौतीसमधल्या क्लासमध्ये मोठ्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची. विटकरी रंगाची ती गाडी अक्षराच्याही आधी घरात आलेली. येत्या मार्चमध्ये तिला पंधरा वर्षं पुरी होत होती. त्यानंतर ती रस्त्यावर ठेवायची तर आधी तपासणीत पास व्हायला हवी होती. म्हणजे एक तर नीट दुरुस्ती करायची, नाही तर तिला निरोप द्यायचा.

रोज जेवताना तोच विषय.

"अहो, दरवेळी एक नवं काही तरी निघतं," आई म्हणायची. "क्लच झाला की सस्पेन्शन, सस्पेन्शन झालं की आणखी काही."

"इंजिन चांगलं असेल तर ठेवू. खराब असेल तर मोडू. गुरमेलजी उघडून बघू देत, मग ठरवू."

"मोडायचीच ना बाबा!" अक्षरा म्हणायची. "पक्का मोडायची."

"तुझं काय बिघडलंय तिने?"

ती पाणी आणायला उठायची.

इथे थोडं थांबू. 'मोड' हा आपल्या भाषेतला किती कामाचा शब्द आहे, पाहा. मटकीला मोड येतात. दुकानदार म्हणतो, शंभराची मोड नाही. फांदी मोडते, लग्न मोडतं, आजी अडचणीत बांगडी मोडते. तशीच गाडीही मोडतात, म्हणजे ती वापरातून काढून टाकतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण चंदीगडमध्ये घराचा उंबरा ओलांडला, की या शब्दाला वेगळाच अर्थ. हिंदीत 'मोड़ना' म्हणजे वळवणं आणि पंजाबीत 'मोड़ना' म्हणजे परत देणं. एवढं लक्षात ठेवा.

गुरमेलसिंग मिस्त्रींचं गॅरेज मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये होतं. त्यांची एक पद्धत होती. गाडी आली की ते अंदाजाने काही बोलत नसत. "पहले खोलूँगा, फिर बोलूँगा," एवढंच म्हणत. आणि एकदा का इंजिन त्यांनी स्वतः उघडलं, की त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. बाबांनी बुधवारी गाडी तिथे ठेवली.

शनिवारी सकाळी बाबा अपनी मंडीत भाजी आणायला गेले होते. आई क्लासला होती. बाबांचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. तो वाजला आणि अक्षराने उचलला.

"पुत्तर, पापा हैं?"

"नहीं अंकल, बाहर गए हैं."

"आएँ तो बता देना, इंजन तो शेर है शेर! कुछ नहीं हुआ उसको. क्लच, सस्पेन्शन, सायलेन्सर और नीचे का पतरा बदल दूँ तो पाँच-सात साल आराम से चलेगी. पूछ लेना, काम शुरू कर दूँ?"

पाच-सात वर्षं! म्हणजे ती कॉलेजात जाईपर्यंत हीच गाडी. तिने विचार केला नाही. तोंडातून आपोआप निघालं,

"नहीं अंकल. पापा ने बोला है, गाड़ी मोड़नी है."

गुरमेलसिंगांनी पुन्हा विचारलं,

"मोड़नी है? पापा ने खुद बोला?"

"जी."

"पक्का?"

"जी, पक्का."

"ठीक है, पुत्तर," गुरमेलसिंग म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मोड़ देंगे."

तिला म्हणायचं होतं, गाडी मोडीत काढायची आहे. अक्षराचं हिंदी तिच्या बाबांपेक्षा कितीतरी चांगलं होतं. एरवी ती असं चुकली नसती. पण घाईघाईत खोटं बोलताना तोंडाला घरचाच शब्द आला, आणि तो चुकलाय हे तिला कळलंही नाही. तिला एवढंच कळत होतं, की बाबांनी जे म्हटलेलं नाही ते आपण त्यांच्या नावावर सांगितलं. मग तिने आणखी एक केलं. फोनमधली त्या कॉलची नोंद पुसून टाकली.

बाबा आले. त्यांनी पालक, मेथी, गाजरं ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "गुरमेलजींचा फोन?"

"नाही."

दिवसभर बाबा फोन खिशात घालून फिरत होते. संध्याकाळी म्हणाले, "बघत असतील. त्यांचं काम सावकाश, पण चोख." अक्षराने रात्री पोळी अर्धीच खाल्ली. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

रविवारी बाबा म्हणाले, "चल गं, जाऊन येऊ. उघडलेलं इंजिन कसं दिसतं ते तुला दाखवतो. आतले पिस्टन बघशील तर थक्क होशील." नाही म्हणायला तिला कारण सापडेना. दोघं रिक्षाने निघाले. वाटेत बाबा तिला क्लच कसा काम करतो ते सांगत होते. हाताचे दोन पंजे एकमेकांवर घासून दाखवत होते. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती.

गॅरेजसमोर गाडी उभी होती. बॉनेट बंद. वरून पुसलेलीसुद्धा. गुरमेलसिंग खुर्चीवर बसले होते. एरवी बाबांना पाहिलं की ते उठून हात मिळवत. आज उठले नाहीत.

"चाबी अंदर लगी है जी. ले जाओ."

"काम हो गया?" बाबांचा चेहरा उजळला.

"कौन सा काम? आपने कहा मोड़ दो, मैंने मोड़ दी. कल सारा दिन लगाके इंजन वापस बंद किया है." मग ते दुसरीकडे बघत म्हणाले, "दूसरे मिस्त्री को दिखाना था तो पहले बता देते, देवेंद्रजी. मेरा खोला हुआ इंजन आज तक किसी ने वापस नहीं माँगा."

बाबा गोंधळले. "मैंने? मैंने कब कहा?"

"बच्ची ने फोन पे बताया. पापा ने बोला है, मोड़नी है."

बाबांनी अक्षराकडे पाहिलं. "फोन आला होता?"

अक्षराला वाटलं, आता बाबांना सगळं कळलं. तिचे कान तापले. "हो," ती म्हणाली. "सांगायचं विसरले."

शनिवारपासूनचं हे तिसरं खोटं. मोजायला ती विसरली नव्हती.

पण बाबांनी पुढे काही विचारलंच नाही. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! गुरमेलजी, वो हमारा मराठी है! मराठी में मोडना मतलब..." त्यांना शब्द सापडेना. त्यांनी जमिनीवरची एक वाळकी काडी उचलली आणि कट्कन मोडून दाखवली. "ये! ये मोडना! मैं घर में रोज बोलता हूँ ना, इंजन खराब निकला तो गाडी मोडेंगे. मतलब भंगार में देंगे. इसने वही सुना, वही आपको बोल दिया. आपको वापस माँगने का तो मेरे मन में भी नहीं आया!"

गुरमेलसिंग काडीकडे बघत राहिले. मग एकदम खो-खो हसायला लागले. शेजारच्या दुकानातले टायरवाले बाहेर आले. त्यांना सगळं पुन्हा सांगण्यात आलं. तेही हसले.

"वाह जी देवेंद्रजी! छह साल हो गए पंजाब का पानी पीते, हिंदी अब भी सांगली में ही खड़ी है!"

"मेरा हिंदी ऐसा ही है जी," बाबा म्हणाले. तेही हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. मग ते गंभीर झाले. त्यांनी गुरमेलसिंगांसमोर दोन्ही हात जोडले. "गलती मेरी है. आपका पूरा दिन गया, मन दुखाया. माफ करना."

अक्षराने आजवर बाबांना कुणासमोर असे हात जोडताना पाहिलं नव्हतं. तेही न केलेल्या चुकीसाठी.

"ओ छड्डो जी!" जाऊ द्या हो, म्हणत गुरमेलसिंगांनी त्यांचे हात धरले. "बच्ची ने तो वही कहा जो सुना. इसका क्या कसूर? कल फिर खोल देंगे." त्यांनी चहा मागवला. अक्षरासाठी गुळाची गजक, म्हणजे आपल्या चिक्कीसारखी वडी आणली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुत्तर तो बड़ी सयानी है. पापा को हिंदी तू सिखाया कर."

आता पाहा, अक्षरा कशी सुटली होती. शब्दाची चूक खरीच झाली होती आणि तिचं खोटं बरोबर त्या चुकीच्या पोटात लपून बसलं होतं. गुरमेलसिंगांना वाटलं, चूक मराठीची. बाबांना वाटलं, चूक माझी. इंजिन चांगलं आहे हे आता बाबांना कळलं होतं, आणि ते बॉनेटवर हात ठेवून टायरवाल्यांना अभिमानाने सांगत होते, "शेर है, इन्होंने खुद बोला." गाडीचं तर ठरलंच होतं. कुणीही काहीही विचारणार नव्हतं. आजही नाही आणि उद्याही नाही.

तिच्या हातातली गजक चिकट व्हायला लागली होती. तिला ती तोंडात घालवेना. सुटल्यावर हलकं वाटतं असं तिला वाटलं होतं. पण बाबांच्या जोडलेल्या हातांचं काय करायचं? आईला घरी गेल्यावर सांगावं, असं तिच्या मनात आलं. नाही तर रिक्षात बाबांना हळूच, मराठीत. बाबा रागावले असते, मग विसरले असते. पण गुरमेलसिंग, टायरवाले आणि मार्केटमधली सगळी माणसं पुढची कित्येक वर्षं बाबांच्या हिंदीला हसत राहिली असती. दरवेळी काडी मोडून दाखवली असती. आणि दरवेळी बाबाही हसले असते.

बाबांनी चहाचा ग्लास ठेवला. "चल अक्षू, निघू या."

ती निघाली नाही. तिने गजक कागदात गुंडाळून खुर्चीवर ठेवली. हात फ्रॉकला पुसले. गुरमेलसिंग टायरवाल्यांशी बोलत उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांना आणि बाबांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ हिंदीत म्हणाली,

"अंकल, पापा ने कुछ नहीं बोला था. मैंने अपने मन से बोला था. मुझे इस गाड़ी पर शर्म आती है, इसलिए."